खंडेनवमीपुरतं हळद-कुंकू

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. इथे आपण सगळे जुन्या बुऱ्हाणपूरच्या आठवणी लिहितो. लालबागच्या स्टेशनावर उतरून टांग्याने घरी येणं, तापीवर राजघाटाला पोहणं, तापी मिलचा भोंगा. वाचून बरं वाटतं, डोळे ओले होतात. मीही लिहिलंय तसं. पण आज आठवण थोडी आणि भांडण जास्त आहे. भांडण दुसऱ्या कुणाशी नाही, आपल्याशीच आहे. माझ्याशी तर सगळ्यात आधी.

गेल्या वर्षी घरच्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी आमचे एक आतेभाऊ. म्हणाले, "दादा, तुमच्या राजपुऱ्याच्या घरामागे ते लोखंडाचं धूड अजून पडलंय का? भंगारवाल्याला देऊन टाका ना. किलोवर जाईल. जागा तरी मोकळी होईल." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

ते धूड म्हणजे आमचं इंजिन. आबांनी 1953 साली घेतलेलं. तेव्हा आपली राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. मुंबईच्या दलालामार्फत रेल्वेने आलं, लालबागला उतरलं आणि बैलगाडीवरून शेतात गेलं. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीचं डिझेल इंजिन. एका सिलिंडरचं, सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला साडेसहाशे फेरे. दोन्ही बाजूंना दोन मोठी ओतीव चाकं. आबांनी ते लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवून घेतलं होतं, पुढे बैल जुंपायला दांडी. आज या विहिरीवर, उद्या त्या विहिरीवर, उन्हाळ्यात तापीच्या काठावर. शेजारचे लोकही भाड्याने न्यायचे. वर्षातले सहा महिने ते इंजिन प्रवासातच असायचं. आई म्हणायची, "या घरातलं सगळ्यात जास्त फिरलेलं माणूस म्हणजे ते इंजिन."

ज्यांनी ते ऐकलंय त्यांना सांगायला नको. लांबूनच पुक्... पुक्... पुक्... ऐकू यायचं. आवाज सावकाश, मोजता येईल असा. इंजिन थंड करून बाहेर पडणारं कोमट पाणी पाटात जायचं आणि थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्याखाली अंघोळीला बसायचो. पुढे वीज आली, 1974 मध्ये विहिरीवर मोटर बसली. नंतर दहाएक वर्षं वीज गेली की इंजिन, असं चाललं. मग तेही थांबलं. गाड्यासकट ओढून राजपुऱ्यातल्या घरामागे आणून ठेवलं, ते तिथेच राहिलं.

लग्नाहून आल्यावर मी ठरवलं, भंगारात द्यायचंच असेल तर एकदा चालू करून मग देऊ. निदान नातवंडांना आवाज तरी ऐकवू.

आणि इथून माझी फजिती सुरू झाली.

गावातला पहिला मिस्तरी आला. चांगला माणूस, हुशार. त्याने मोटरसायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं उघडलेलं. त्याने पान्हा लावला तर नटच गोल व्हायला लागला. बाराचा सैल, अकराचा बसत नाही. "साहेब, या नटाची साईज कुठलीच नाही," म्हणाला. दुसरा आला, त्याने हवा ओढायच्या तोंडाशी चिंधी पेटवून धरली, तिघांनी हँडल मारलं, धूर निघाला, इंजिन ढिम्म. तिसरा म्हणाला हेडच बदला, राजकोटचं मिळतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या स्पेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नमुना आणा." नमुना नेला. म्हणाला, "रिंगा देतो, गॅसकेट देतो, ते चालेल. हेड आमचं वेगळं आहे. तुमच्या हेडला हे शेजारी छोटं चाक कशाला आहे?"

तेच तर मला कुणीतरी सांगायला हवं होतं. हेडच्या बाजूला हाताच्या मुठीएवढं एक छोटं चाक होतं, नळाच्या तोटीला असतं तसं. गंजून घट्ट झालेलं. कुणालाच माहीत नव्हतं ते कशाला आहे.

आता ऐका. या इंजिनाबरोबर एक पुस्तक आलं होतं. मी लहानपणी पाहिलेलं आहे. तेलाचे डाग पडलेलं, आत इंजिन उभं कापल्यासारखी चित्रं. त्याच्याबरोबर सुट्या भागांची यादी, प्रत्येक भागाला नंबर. मुंबईच्या दलालाची पत्रं, बिलं. सगळं आबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत. नाना गेल्यावर 1998 मध्ये ती ट्रंक मी उघडली. जमिनीची कागदं बाजूला काढली, सोन्याच्या पावत्या बाजूला काढल्या, पत्रिका काढल्या. उरलेलं सगळं रद्दीवाल्याला दिलं. मीच दिलं, माझ्या हातांनी. किती रुपये आले तेसुद्धा आठवत नाही, इतके थोडे आले.

म्हणून म्हटलं, भांडण आधी माझ्याशी.

तर मग कशाने सुटलं, ते सांगतो, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पाटी. प्रत्येक जुन्या यंत्रावर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पाटी असते. आमच्या पाटीवर दर दिवाळीला कुणीतरी हिरवा ऑईलपेंट फासलेला. चार-पाच थर. रॉकेलमध्ये बुडवलेल्या बोळ्याने दोन दिवस घासलं तेव्हा अक्षरं दिसली. कंपनी, गाव, हॉर्सपॉवर, फेरे आणि इंजिनाचा नंबर. हा नंबर म्हणजे यंत्राची जन्मपत्रिका. नुसतं "जुनं इंग्लिश इंजिन" म्हणून विचारलं तर कुणी उभं करत नाही. नंबर सांगितला की समोरचा माणूस कामाला लागतो.

दुसरी गोष्ट, पान्हा. नट बसत नव्हता कारण त्याचं माप मिलिमीटरचं नव्हतंच. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या माणसाने 1841 मध्ये आट्यांचं माप ठरवून दिलं, ते तिकडे शंभर वर्षांवर चाललं. आट्याचा कोन 55 अंशाचा, आजच्या मेट्रिकचा 60. आणि गंमत म्हणजे त्या पान्ह्यांवर लिहिलेला आकडा नटाच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेला पान्हा अर्ध्या इंचापेक्षा बराच मोठा दिसतो. हे माहीत नसलं की माणूस आहे तो पान्हा ठोकून बसवतो आणि नट खाऊन टाकतो. आमचे तीन नट असेच गेले. शेवटी जुन्या लोखंडाच्या बाजारात व्हिटवर्थ पान्ह्यांचा अर्धवट संच मिळाला. विकणाऱ्याला ते काय आहे माहीत नव्हतं, किलोवर दिला.

तिसरी गोष्ट, पुस्तक. माझी एक भाची इंग्लंडात असते. तिला नंबर कळवला. तिने दोन आठवड्यांत त्याच पुस्तकाची नक्कल पाठवली. तिकडे या इंजिनांचे शौकीन आहेत, म्हातारे लोक, शेडमध्ये दोन-दोन इंजिनं बाळगणारे. त्यांनी जुनी पुस्तकं जपली, त्यांच्या नकला काढून ठेवल्या. चेशर परगण्यात ॲन्सन इंजिन म्युझियम नावाचं एक आख्खं संग्रहालय केवळ इंजिनांसाठी आहे. म्हणजे बघा, इंजिन बुऱ्हाणपूरला चाललं, केळी-ऊस बुऱ्हाणपूरला पिकला, कमाई आम्ही खाल्ली आणि त्याचं पान सापडलं सात समुद्रापार. आमच्याकडे होतं ते आम्ही रद्दीत घातलं.

आणि त्या पुस्तकात ते छोटं चाक होतं. हेडच्या आत एका बाजूला एक जास्तीची पोकळी आहे. चाक आत फिरवलं की ती पोकळी बंद होते. मग पिस्टन वर येताना हवा कमी जागेत दाबली जाते, जास्त तापते आणि थंड इंजिनसुद्धा चिंधी-बिंधी न पेटवता चालू होतं. इंजिन गरम झालं, भार आला, की चाक बाहेर फिरवायचं, दाब कमी होतो, इंजिन नरम चालतं. बस्स. आमचं चाक बाहेर फिरवलेल्या स्थितीत गंजलं होतं. थंडीत चालू होणार कसं? आठ दिवस डिझेल-रॉकेल सोडत राहिलो, हळूहळू शेक दिला, चाक सुटलं. नव्या रिंगा घातल्या होत्याच. नोझल साफ केली. तिसऱ्या हँडलला इंजिनाने एक खोकला काढला, मग दुसरा आणि मग पुक्... पुक्... पुक्...

मी तिथेच गाड्याच्या दांडीवर बसलो. आनंद झाला म्हणून नाही. एक गोष्ट आठवली म्हणून.

आमच्याकडे एक मिस्त्रीचाचा होते. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. इंजिन आलं त्या वर्षापासून ते बंद पडेपर्यंत तेच बघायचे. सायकलवर यायचे, हँडलला कापडी पिशवी, पिशवीत पान्हे. इंजिनाशी आले की पहिलं काम काय करायचे? उजव्या हाताने ते छोटं चाक आत फिरवायचे. मग हँडल. थोड्या वेळाने परत येऊन चाक बाहेर. मी हे शंभर वेळा पाहिलेलं आहे, चाक फिरवताना ते तोंडाने काहीतरी पुटपुटायचे, त्यामुळे मला वाटायचं हा काही त्यांचा बिस्मिल्ला असेल, आपण देवळात शिरताना घंटा वाजवतो तसा. मी कधी विचारलं नाही. दहा वर्षं समोर बघून मी एकदाही विचारलं नाही की चाचा, हे चाक कशाला?

विचारणार कसा? एकदा त्यांनीच मला बोलावलं होतं. मी आठवी-नववीत असेन. म्हणाले, "भैया, आओ, हाथ लगाओ, मैं सिखा देता हूँ. तुम लिखना जानते हो, कॉपी में लिख लो." नाना पडवीत पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न करता म्हणाले, "त्याला काय मिस्तरी व्हायचंय? अभ्यासाला बस रे." चाचा हसले. मी आत गेलो. इंजिनाखाली घालायला काढलेली माझी वही मी परत दप्तरात ठेवली.

नाना वाईट माणूस नव्हते. चाचांना चहा मिळायचा, दिवाळीला कापड मिळायचं. पण चहाचा कप वेगळा होता, तो कोनाड्यात असायचा. आणि चाचा अंगणात जमिनीवर बसायचे, आम्ही खुर्चीवर. ज्याला लिहिता येत होतं त्याला माहीत नव्हतं, ज्याला माहीत होतं त्याला लिहिता येत नव्हतं. दोघं एकाच अंगणात, पाच हातांवर. मधलं अंतर कुणी ओलांडलं नाही. चाचा 1994 मध्ये गेले. त्या एका सायकलवर जे होतं ते गेलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपण स्थिरस्थावर मराठी घरं. आपल्या घरांत जपणूक काय कमी आहे? आजीच्या शालूची घडी दर वर्षी बदलतो. पंचपाळं जपतो, पैठणीची जर जपतो. कुलवृत्तांत छापतो, चारशे-चारशे पानांचे. त्यात कोण कुठे जन्मला, काय शिकला, कुठल्या खात्यात कुठल्या हुद्द्यावर निवृत्त झाला, सगळं असतं. पण त्या चारशे पानांत घरची मोट कशी बांधायचे, विहिरीचं रहाट कुणी दुरुस्त केलं, इंजिन कसं चालू करायचे, याची एक ओळ दाखवा. मी आमचा शोधला. आबांच्या नावापुढे "प्रगतिशील शेतकरी" असं लिहिलंय. इंजिनाचा उल्लेख नाही. चाचांचा तर प्रश्नच नाही.

खंडेनवमीला आपण काय करतो? पान्हा, हातोडी, कोयता पुसून पाटावर मांडतो. हळद-कुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की पान्हा परत माळ्यावर. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ज्याच्या हाताला काळं लागलेलं आहे त्याला आपण ओट्याच्या वर येऊ देत नाही. हत्याराची पूजा करायची आणि हत्यार चालवणाऱ्याची लाज बाळगायची, याला मी श्रद्धा म्हणत नाही.

काही लोक म्हणतील, आपली परंपराच तशी नव्हती, आपण लेखणीचे लोक. खोटं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते? मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा माणूस नोकरी सोडून बेळगावात सायकली विकायला-दुरुस्त करायला बसला. 1903 मध्ये लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणत लोखंडाने जमीन विषारी होते. 1910 मध्ये माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आणि 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, म्हणजे यंत्र विकणाऱ्यांनीच मराठीत मासिक काढलं. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' झालं आणि ते आपण कथा-कवितांसाठी लक्षात ठेवलं, पण त्याचा उगम कारखान्यात आहे हे विसरलो. आपल्या नागपूरहून 'उद्यम' निघायचं, उद्योगधंद्यांचं मराठी मासिक. म्हणजे लेखणी आणि पान्हा एका हातात धरणारी माणसं आपल्यात होती. आपण त्यातली लेखणी तेवढी उचलली.

आणि आपल्या गावाचं तरी काय? कुंडी भंडारा आठवा. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कुठलाही पंप न लावता, नुसत्या उताराने शहरात आणलेलं. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमाराला. तंत्र इराणचं, करणारा तज्ज्ञही तिकडचा. म्हणजे या गावाला परदेशी यंत्रणा नवीन नाही. ती चारशे वर्षं टिकली ती बांधणाऱ्याच्या हुशारीने, हे खरंच. पण तेवढ्यानेच नाही. चुन्याचे थर चढतात, गाळ बसतो, तो काढावा लागतो. कुठे उतरायचं, काय खरवडायचं, कशाला हात लावायचा नाही, हे कुणातरी माणसाला माहीत असावं लागतं. आपण पाहुण्यांना कुंडी भंडारा दाखवायला नेतो आणि बांधणाऱ्या सुभेदाराचं नाव सांगतो. गाळ काढणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण घरातच ऐकतो.

पहिला: "आता इंजिनाचं काय करायचंय? मोटर आहे, सोलर आहे." बरोबर. मीही शेतात इंजिन लावणार नाही. पण हे इंजिनापुरतं नाही. तुमचं कपडे धुण्याचं मशीन चार वर्षांत बंद पडतं तेव्हा माणूस येतो, झाकण काढतो आणि सांगतो, "बोर्ड गेला, पार्ट येत नाही, नवीन घ्या." तुम्ही नवीन घेता. आमच्याकडे असं दोनदा झालंय. तुमच्याकडे पुस्तक नाही, नकाशा नाही, गल्लीतल्या मिस्तऱ्याकडेही नाही, कारण त्याला कुणी देतच नाही. 2014 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोकला होता. कशासाठी? सुटे भाग, दुरुस्तीची हत्यारं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मोकळेपणाने मिळू देत नव्हत्या म्हणून. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि गाड्या, ही चार क्षेत्रं धरली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात तर शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता यावा म्हणून 2023 मध्ये कायदा करावा लागला. विचार करा, स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू उघडण्यासाठी कायदा! आबांच्या इंजिनाबरोबर कंपनीने न मागता पुस्तक दिलं होतं, प्रत्येक भागाचा नंबर दिला होता. 1953 मध्ये जे फुकट मिळत होतं ते मिळवायला आज भांडावं लागतं. आणि भांडणार कोण? ज्याने घरचं पुस्तक रद्दीत घातलं तो?

दुसरा आक्षेप: "मिस्तरी लोकच सांगत नाहीत, विद्या लपवतात." हो, लपवतात. त्यांचं पोट आहे त्यावर. पण आपण शिकवण्याचे पैसे कधी दिले? ट्यूशनच्या सरांना महिन्याला हजारो देतो, तेही आगाऊ. मिस्तऱ्याने दोनशे मागितले तर दीडशेवर आणतो. ज्या विद्येला आपण बाजारात किंमत देत नाही ती लपवली म्हणून तक्रार करण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि मी सांगतो, चाचांनी लपवली नव्हती. त्यांनी स्वतःहून "लिख लो" म्हटलं होतं.

तिसरा: "आजकाल मोबाईलवर सगळं मिळतं." मिळतं ते कुणीतरी ठेवलेलं मिळतं. इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांनी ठेवलं म्हणून मला मिळालं. त्यात आमच्या तापीकाठच्या गाळाच्या पाण्याने इंजिनाच्या पाण्याच्या वाटा कशा भरायच्या, मे महिन्यात तेल कुठलं घालायचं, कुठला राजकोटचा भाग जसाच्या तसा बसतो आणि कुठला घासून बसवावा लागतो, हे कुठेच नाही. ते चाचांना माहीत होतं. ते मराठीत नाही, हिंदीत नाही, इंग्रजीत तर नाहीच.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

इंजिन चालू झालं त्या रविवारी मी चाचांच्या नातवाला बोलावलं. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, चष्मा लावून सुईएवढ्या भागांत काम करतो. इंजिन बघत बराच वेळ उभा राहिला. मी त्याला छोटं चाक दाखवलं, काय करतं ते सांगितलं. मनात थोडा अभिमान होता, की बघ, मी शोधून काढलं. तो म्हणाला, "अंकल, दादाने हमको कभी हाथ नहीं लगाने दिया. बोलते थे, पढ़ो, नहीं तो ज़िंदगी भर लोगों के आँगन में बैठोगे."

मला त्यावर बोलता आलं नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की विद्या चाचांबरोबर गेली. ती तशी गेली नव्हती. आमचं अंगण बघून त्यांनीच ती पुढे दिली नाही.

त्या दिवशी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आमच्याच कपात. ही काही मोठी गोष्ट केली असं सांगत नाही. पन्नास वर्षं उशिरा केली.

आता मी काय केलंय ते सांगतो, तुम्ही तुमचं बघा. पुस्तकाच्या नकलेच्या दोन प्रती काढल्या, एक त्याला दिली. प्रत्येक चित्राखाली मराठीत आणि हिंदीत लिहितोय, अर्धं झालंय. भागांची नावं मिस्तरी म्हणतात तीच ठेवलीत, शब्दकोशातली नाहीत. ज्या तिसऱ्या मिस्तऱ्याने रिंगा घातल्या त्याला दोन रविवार बसवून विचारलं, त्या वेळेचे पैसे मोजले, त्याचं नाव वहीत पहिल्या पानावर घातलं. वही पत्र्याच्या डब्यात, डबा इंजिनाच्या गाड्यालाच साखळीने बांधलाय. उद्या माझ्या मागे इंजिन भंगारात गेलं तरी डबा बरोबर जाईल, घेणाऱ्याला तरी कळेल.

तुमच्याकडे इंजिन नसेल. पण आजीचं शिलाई मशीन असेल, सायगावचा म्हणून सांगितलेला लाकडी पंखा असेल, व्हॉल्व्हचा रेडिओ असेल, घड्याळ असेल. घरात कुणाचा हातमाग किंवा पॉवरलूम असेल. आज माळ्यावर चढा. पाटी पुसा, तिचा फोटो काढा, नंबर लिहून ठेवा. कागद दिसला तर फेकू नका, त्यावर तेलाचे डाग असतील तर मुळीच नको. आणि ते यंत्र ज्याने सांभाळलं तो माणूस हयात असेल तर त्याच्याकडे जा. त्याला बोलावू नका, तुम्ही जा. वही घेऊन जा. त्याला विचारा, हे चाक कशाला?

खाली लिहा, काय सापडलं ते. शालूचे फोटो पुढच्या वेळी टाका.